भोवरे बघणारा सावळाराम

दिघाशीचा सावळाराम पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जातो. या भागात मला अकरा वर्षं झाली, आणि या अकरा वर्षांत क्वचितच असं घडलं की कुणाचं जनावर आजारी पडलं आणि त्यांनी सावळारामच्या आधी मला बोलावलं. आधी तो, मग मी. तेही तो ‘हो’ म्हणाला तर.

मी गुरांच्या सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. म्हणजे डॉक्टर नाही. डॉक्टर साहेब वेगळे. त्यांच्याकडे तीन दवाखाने आहेत आणि ते बहुतेक वेळा मीटिंगला असतात. पण गावात सगळे मलाच डॉक्टर म्हणतात आणि मीही कधी कुणाची चूक सुधारत बसलो नाही. राहायला काल्हेरला, सातव्या मजल्यावर. तिथून रोज सकाळी गोदामांच्या ट्रकमधून वाट काढत मोटारसायकलवर निघायचं आणि दिवसभर गावं फिरायची.

सावळाराम सत्तरीच्या पुढचा. मळकी टोपी, खिशात चुन्याची डबी आणि चेहऱ्यावर असा भाव की जगातल्या सगळ्या गुरांनी जन्माला येताना त्याची परवानगी घेतली होती. तरुणपणी तो बैलांचा दलाल होता. म्हसा गावच्या जत्रेतून जोड्या आणायच्या आणि आसपासच्या गावांत खपवायच्या, हा त्याचा धंदा. मग निम्म्या जमिनींवर गोदामं उभी राहिली, उरलेल्यांवर ट्रॅक्टर आले, आणि बैल घ्यायला गिऱ्हाईक उरलं नाही. दलाली गेली, पण दलालाची ऐट काही गेली नाही. दिवसभर देवळाच्या कट्ट्यावर बसून तो अक्कल पाजळायचा, आणि लोक ती हात जोडून घ्यायचे.

त्याची विद्या कसली, तर भोवरे बघायची. जनावराच्या अंगावर केस जिथे गोल फिरतात त्याला भोवरा म्हणतात, आपल्या डोक्यावर असतो तसाच. जुनी माणसं बैल विकत घेताना भोवरे बघतात. इथे असला तर घराला बरकत, तिथे असला तर मालकाच्या मुळावर. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही, शिकलेली माणसंसुद्धा लग्नात पत्रिका बघतात. पण सावळारामने ही विद्या पार दवाखान्यापर्यंत आणून भिडवली होती. जनावर आजारी पडलं की घरचे त्याला बोलवायचे. तो यायचा, पाठीवरून, खांद्यावरून, कपाळावरून हात फिरवायचा, कुठला तरी भोवरा बोटाने चाचपायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा. ‘खर्च करा’ किंवा ‘खर्च करू नका’. ‘करा’ म्हणाला तर मला फोन. ‘करू नका’ म्हणाला तर पुढचा फोन थेट मेलेलं जनावर उचलून नेणाऱ्याला.

ताप किती, पोट फुगलंय का, रवंथ करतंय का, यातलं काही नाही. थर्मामीटर त्याने जन्मात हातात धरला नसेल. आणि या माणसाच्या शब्दावर जनावरं जगत होती, मरत होती.

पूर्णा गावच्या प्रितेशचंच बघा. त्याच्या बापाने, चांगदेवने, सगळी जमीन गोदामांना दिली. आता भाडं येतं आणि पोरगा शर्यतीचा बैल पाळतो. बैलाचं नाव वादळ. वादळचा वाढदिवस असला की नाक्यावर मोठा बॅनर लागतो. मधे बैल, भोवती गॉगल लावलेली पंधरा डोकी, खाली ‘शुभेच्छुक’. त्यातल्या कुणाला बैलाला पाणी कधी दाखवायचं तेही माहीत नसेल. दोन वर्षांपूर्वी शर्यतीत वादळ पडला आणि त्याचा पुढचा गुडघा गेला. मी तपासून साफ सांगितलं, हा आता धावणार नाही, पण बसून खाईल, सुखाने जगेल, उगाच पैसे घालू नका. प्रितेशने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला पाडलं. त्याने गाडी पाठवून दिघाशीहून सावळारामला आणलं. सावळारामने खांद्यामागे हात घातला आणि म्हणाला, “राजाचा भोवरा हाय. खर्च करा.”

मग काय विचारता. मुंबईहून मोठे डॉक्टर आले, एक्स-रेचं मशीन टेम्पोत घालून आणलं, बैलाखाली गाद्या आल्या, वर पंखा लागला. सावळारामला गुलाबी फेटा बांधला आणि त्याचा फोटो काढला. वादळ आजही प्रितेशच्या दारात तीन पायांवर उभा राहून काजू खातो. धावला मात्र एक फूटही नाही.

आणि त्याच महिन्यात दिघाशीतल्या राहीबाईची गाय आजारी पडली. कासदाह झाला होता, म्हणजे कास सुजून दुधात गाठी येत होत्या. मी वेगळ्याच कामाने तिच्या दारावरून चाललो होतो, म्हणून माझ्या नजरेला पडली. चार दिवसांची इंजेक्शनं दिली असती तर गाय हमखास वाचली असती. मी तसं म्हणालो, तर राहीबाई पदराने तोंड पुसत म्हणाली, “सावळारामदादा बोलला, पाठीवरचा भोवरा वाईट हाय. खर्च करून उपेग न्हाय.” पाचव्या दिवशी गाय गेली. राहीबाई रडली नाही की काही नाही. “नशिबात नव्हती,” म्हणाली आणि कामाला लागली. मला तिचा नाही, त्या म्हाताऱ्याचा इतका संताप आला की त्या दिवशी त्याच्या कट्ट्यापुढून जाताना मी मुद्दाम जोरात हॉर्न वाजवला.

आता एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी बोलायला नको. जनावर दवाखान्यात आणलं तर नुसती चार-दोन रुपयांची पावती लागते. पण बसलेला बैल डोंगरावरच्या पाड्यातून दवाखान्यात आणणार कसा? तिथे मलाच जावं लागतं. गेलो की मी पाचशे घेतो. पेट्रोलचे. सगळेच घेतात. मोटारसायकल काय पाण्यावर चालते?

तर या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. दिघाशीच्या वर डोंगराच्या कुशीत एक पाडा आहे. तिथे धाकली राहते. नवरा नाही, मूल नाही. आहेत ते दोन बैल, लाल्या आणि चांद्या. वरची खाचरं अशी अरुंद आणि उतरती की तिथे ट्रॅक्टर चढत नाही. त्यामुळे लावणीच्या दिवसांत अख्ख्या पाड्याची चिखलणी धाकलीच्या जोडीवर होते, आणि त्याबदल्यात सुगीला प्रत्येक घर तिला भात देतं. ते भात म्हणजे तिचं वर्षभराचं जेवण. इतकी साधी गोष्ट आहे. बैल चालले तर धाकली जेवणार.

सोमवारी सकाळी लाल्या बसला. अंगात ताप, तोंडातून लाळ, पाय आखडलेले, उठता येईना. धाकलीचा दीर मंगळ्या, पन्नाशीचा माणूस, त्याने मला फोन लावला. मी तेव्हा चहा घेत होतो.

“डॉक्टर, वैनीचा बैल बसलाय. याल का?”

“पेट्रोलचे पाचशे. इंजेक्शनचे वेगळे.”

तो म्हणाला, “इचारून सांगतो.”

हे ‘विचारून सांगतो’ म्हणजे कुणाला विचारून, ते मला चांगलं ठाऊक होतं. माझं डोकंच फिरलं. “विचार, विचार,” मी म्हणालो. “तुमच्या त्या भोवरेवाल्याला विचार. इंजेक्शनही त्याच्याकडूनच टोचून घे.” आणि फोन ठेवून दिला. खरं सांगतो, ठेवताना फार बरं वाटलं.

पुढचं मला गुरुवारी कळलं. दिघाशीत लसीकरणाला गेलो होतो तेव्हा. सावळाराम सोमवारी दुपारी डोंगर चढून गेला, लाल्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाला, “भोवऱ्यावर भोवरा हाय. खर्च नको करू, धाकले.” मग खर्च करायचा नाही म्हटल्यावर घरचंच काहीतरी करायला हवं. धाकलीने ओवा-आल्याचा काढा केला, मंगळ्याने बैलाचं तोंड वर धरलं आणि तिने बांबूच्या नळीने दोन तांबे काढा त्याच्या घशात ओतला. सोमवारी ओतला, मंगळवारी ओतला. बुधवारी लाल्या घरघरत मेला.

ऐकताक्षणी माझ्या लक्षात आलं. लाल्याला तिवा झाला होता. पावसाळ्यात हा ताप येतो, बैल आडवा पडतो, बघणाऱ्याला वाटतं संपलं सगळं. आणि तिसऱ्या दिवशी तोच बैल आपला आपण उठून गवत खायला लागतो. फक्त एक पथ्य असतं. या तापात जनावराला गिळता येत नाही, तेव्हा तोंडात काही ओतायचं नाही. ओतलं की ते फुप्फुसात जातं. म्हणजे लाल्या तापाने मेला नव्हता. औषधाने मेला होता.

मी लसीची पेटी तशीच टाकली आणि कट्ट्याकडे निघालो. आज सोडायचं नाही, चारचौघांत याचं सोंग उतरवायचं, असं ठरवूनच गेलो. सावळाराम बसला होता, शेजारी सात-आठ माणसं होती आणि खाली पायरीवर मंगळ्या. चांगलंच झालं, म्हटलं, साक्षीदारही हजर आहे.

“काय हो भोवरेपंडित,” मी उभ्या उभ्याच सुरू केलं, “लाल्याच्या कपाळावर काय वाचलंत? मरण? मरण बैलाच्या कपाळावर नव्हतं, तुमच्या तोंडात होतं. साधा तिवा होता तो. आज गुरुवार. आज तो बैल चिखलात उभा असता!”

अकरा वर्षं मी या क्षणाची वाट पाहत होतो. सावळारामने तोंडातली तंबाखू थुंकली, टोपी सारखी केली आणि विचारलं, “काय औषध लागला असता त्याला?”

“औषध? काही नाही! सावलीत ठेवायचं, समोर पाणी ठेवायचं, मधूनमधून कूस बदलायची. तोंडात काही घालायचं नाही. बस. एवढ्यावर उठला असता. तुम्ही तिथे भोवरे चिवडत बसलात.”

“हा फोनवर सांगता आला असता?”

“कोणालाही सांगता आला असता. दोन मिनिटांचं काम!”

मंगळ्या पायरीवरून हळूच म्हणाला, “मी केलता ना फोन.”

सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. सावळाराम उठला, माझा दंड धरला आणि मला देवळामागे चिंचेखाली घेऊन गेला. त्याच्या हाताला अजून चांगली पकड होती.

“डॉक्टर, लोकांपुढे बोलू नका,” तो म्हणाला. “भोवऱ्यात काय नसतो. मना पन ठाव हाय. पन्नास वर्सं बैल विकले, वाईट भोवऱ्याचे बैल वीस वीस वर्सं चाललेले बघितले.”

मी थक्क झालो. “मग हा तमाशा कशाला?”

“मी बैल बघतच न्हाय. मी घर बघतो. ज्याला झेपल त्याला सांगतो कर. ज्याला न्हाय झेपायचा त्याला सांगतो भोवरा वाईट हाय. मंग जनावर मेला तरी पैशासाठी मारला असा त्याच्या मनाला लागत न्हाय. नशिबात नव्हता बोलतो, न् दोन घास जेवतो. राहीबाईची गाय तुमी वाचवली असती, मना कलत होता. पन तिच्या घरात तवा चूल एक दिसाआड पेटायची. तिला मी काय सांगू?”

“आणि प्रितेश?”

“तो खर्च करनारच होता. मी न्हाय बोललो असतो तर दुसरा भोवरेवाला शोधला असता त्याने.”

मी पेटलो होतो आणि मला विझायचं नव्हतं. “पण हे ठरवणारे तुम्ही कोण? धाकलीला विचारलंत? त्या बैलासाठी तिने पाचशे कुठूनही उभे केले असते. तुम्ही तिच्या वतीने बैल मारून मोकळे झालात!”

हे त्याला लागलं. त्याने मान खाली घातली, चुन्याची डबी उघडली आणि काही न घेता बंद केली. “खरा हाय,” तो म्हणाला. “इचारला न्हाय. ती चूक माजी.” मग वर पाहून म्हणाला, “पन तुमी फुकट आला असता ना डॉक्टर, तर मी ह्या गावच्या सगल्या गुरांचे भोवरे चांगलेच सांगितले असते.”

मी पाठ फिरवली.

तेवढ्यात कट्ट्याकडून गलका आला. धाकली डोंगर उतरून धावत आली होती. गुडघ्यापर्यंत चिखल, आणि हातात ती बांबूची नळी तशीच. मला तिने पाहिलंही नाही. ती तशीच देवळामागे येऊन सावळारामपुढे उभी राहिली आणि धापा टाकत म्हणाली, “दादा, चांद्या पन बसला. चल ना, भोवरा बघ.”

सावळाराम जागचा हलला नाही. “चांद्याचा भोवरा चांगला हाय, धाकले,” तो म्हणाला. “डॉक्टरला घेऊन जा.”

चांद्याला त्याने त्या दिवशी पाहिलंही नव्हतं. पण धाकलीच्या तोंडावर एकदम रंग आला. मोटारसायकलवरची माझी औषधांची पेटी तिनेच उचलली आणि पुढे चालू लागली. माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या एकाही शब्दाने कुणाच्या तोंडावर असा रंग आलेला मी पाहिला नाही, आणि त्या ढोंगी म्हाताऱ्याने तो खोटं बोलून आणला. मला त्याचीही चीड आली. मी मंगळ्याला घेऊन तिच्यामागून डोंगर चढलो.

चांद्या गोठ्यात आडवा होता. तेच सगळं, ताप, लाळ, आखडलेले पाय. मी तापाचं आणि सुजेचं एक इंजेक्शन दिलं, ते माझ्या पेटीत होतंच. मंगळ्याकडून बैलाची कूस बदलून घेतली, खाली पेंढा टाकायला लावला, तोंडाजवळ पाण्याचं घमेलं ठेवलं. नळी धाकलीच्या हातातून घेतली आणि पायाखाली मोडली. “याच्या तोंडात काही ओतायचं नाही. पाणीसुद्धा नाही. प्यायचं असेल तेव्हा तो पिईल. परवा उठेल.”

तिने मान हलवली. मग पदराला हात घालत विचारलं, “पैसं किती?”

देवळामागचं ते वाक्य माझ्या कानात होतं. मी म्हणालो, “पैसे नकोत.”

वाटलं होतं, तिला बरं वाटेल. खरं सांगायचं तर वाटलं होतं, ती हात जोडेल आणि मला थोडं मोठं झाल्यासारखं वाटेल. पण धाकलीचा हात पदरातच राहिला. तोंडावरचा तो रंग उतरत गेला. ती खाली बसली, चांद्याच्या मानेवर हात ठेवला आणि आवाज न करता रडायला लागली.

मंगळ्याने मला विचारलं, “त हा पन न्हाय वाचायचा?”

मला आधी कळेचना. मग कळलं. त्या पाड्यात ‘खर्च नको’ हे एकाच जनावराबद्दल बोललं जातं. जे मरणार आहे त्याच्याबद्दल. भोवरा वाईट असला की सावळाराम खर्च करू देत नाही, आणि वाचणारं जनावर पाचशे घेतल्याशिवाय कुठल्या डॉक्टरने कधी तपासलं होतं? मी समजावलं. वाचणार आहे, साधा ताप आहे, मी असाच आलो, माझं कर्तव्य आहे. जितकं समजावत गेलो तितकी ती मान हलवत गेली, मरणाच्या घरी समजूत घालायला आलेल्यापुढे हलवतात तशी. आणि तिचा हात हळूहळू मोडलेल्या नळीकडे जायला लागला. डॉक्टरने हात टेकले म्हटल्यावर पुन्हा काढाच उरतो.

“पाचशे,” मी म्हणालो.

तिने वर पाहिलं.

“पेट्रोलचे पाचशे. आत्ताच्या आत्ता. उधारी चालणार नाही.”

धाकली ताडकन उठली. आत गेली, डब्याचा आवाज झाला, आणि चुरगाळलेल्या नोटांची पुरचुंडी घेऊन बाहेर आली. माझ्या हातावर ठेवताना ती हसत होती. मग डोळे पुसून तिने घमेल्यातलं पाणी बदललं आणि बैलाजवळ राखण करत बसली. नळीचे तुकडे मंगळ्याने चुलीत घातले.

तिसऱ्या दिवशी चांद्या उठला. मंगळ्याच्या एकट्या बैलाशी त्याची सावड केली, म्हणजे दोन घरांचे दोन बैल मिळून एक जोड झाली, आणि वरची खाचरं उशिरा का होईना, लावून झाली. गावात आता सांगतात, सावळारामदादा बोलला होता चांगला भोवरा, म्हणून वाचला. तो म्हातारा अजून कट्ट्यावर बसतो, आणि मला अजून त्याचा राग येतो.

धाकलीचे ते पाचशे परत करायचे म्हणून मी खिशात वेगळे ठेवले होते. आज देऊ, उद्या देऊ, असे आठ-दहा दिवस गेले. मग एकदा काल्हेरच्या पंपावर माझ्याजवळ सुटे नव्हते, तेव्हा ती पुरचुंडी सोडली आणि पेट्रोल भरलं.